प्रात्यक्षिकाच्या वहीत चुकायला जागा ठेवा

विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाचं गणित काय असावं हे ठरवणाऱ्या अभ्यास मंडळांच्या सर्व सदस्यांना,

स.न.वि.वि.

पत्रास कारण की, परवा कपाट आवरताना माझी पहिल्या वर्षाची गणिताची प्रात्यक्षिकवही हाती लागली. त्यात एका पानावर एक तक्ता आहे. वर छापील सूचना : ‘(१ + १/न)^न या राशीत न ची किंमत वाढवत न्या आणि राशी ई या संख्येकडे जाते हे पडताळा.’ ई म्हणजे २.७१८२८ वगैरे. मी इमानेइतबारे पडताळायला बसले होते. न = १० ला २.५९३७ आलं, १०० ला २.७०४८, हजाराला २.७१६९, दहा लाखांना २.७१८२८०. कागदावरचा प्रश्न तिथेच संपत होता. पण हात शिवशिवत होते, म्हणून मी शून्यं वाढवत सुटले. १०^१२ ला २.७१८५ आलं, म्हणजे जवळ जायचं सोडून आकडा जरा लांबच सरकला. १०^१५ ला ३.०३५०. आणि १०^१६ ला चक्क १.

मी शिक्षकांना हाक मारली. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. ‘टायपिंगची चूक असेल. २.७१८२८ लिहा आणि पुढचं घ्या.’ मी लिहिलं. वहीत शेवटच्या तीन ओळींवर खाडाखोड दिसते, खाली लाल शाईतली सही आणि दहापैकी दहा गुण.

टायपिंगची चूक नव्हती. संगणक दशांश संख्या साठवतो तेव्हा साधारण सोळा अंकांपलीकडचं त्याला झेपत नाही. १ च्या पुढची जी पहिली संख्या त्याला ठाऊक असते ती १ पेक्षा सुमारे २.२२ × १०^−१६ नं मोठी. मधल्या संख्या त्याच्या लेखी नाहीतच. जिन्याच्या दोन पायऱ्यांमध्ये उभं राहता येत नाही, तसं. १ मध्ये १०^−१५ मिळवायचं म्हणजे अशा साडेचारांहून किंचित जास्त पायऱ्या चढायच्या. तो पाच चढतो. म्हणजे मिळवायचे होते १ × १०^−१५, मिळवले गेले १.११०२ × १०^−१५. आता गंमत बघा. (१ + क/न)^न ही राशी ई^क कडे जाते, हे आपण पुढच्याच आठवड्यात शिकवतो. इथे क झाला १.११०२. ई चा १.११०२ वा घात काढा : ३.०३५०. माझ्या वहीतला खोडलेला आकडा! बेरजेत यंत्र चुकलं खरं, पण त्यानंतर त्यानं पुढच्या धड्यातलं प्रमेय बिनचूक पाळलं होतं. आणि १०^१६ ला मिळवायची रक्कम अर्ध्या पायरीएवढीही नसते, म्हणून तो जागचा हलत नाही. १ चा कितवाही घात १ च.

हे मला कळलं तेव्हा मी स्वतः वर्गात उभी राहून शिकवायला लागले होते. मधली वर्षं मी ‘संगणक कधीकधी चुकतो’ एवढ्यावर समाधान मानून होते. एका टाचणीएवढ्या प्रश्नाला तेव्हा वाव मिळाला असता, तर सीमा, अचूकता आणि घातांकी फंक्शन हे तिन्ही एका बैठकीत एकमेकांना भेटले असते. त्याऐवजी मला गुण मिळाले.

माझं म्हणणं एवढंच आहे : संगणकीय बीजगणिताची सॉफ्टवेअर आपण अभ्यासक्रमात आणली, पण प्रयोग आणलाच नाही. माझ्या पाहण्यात आलेल्या प्रात्यक्षिकांच्या यादीत सर्वांत जास्त वेळा येणारं क्रियापद ‘पडताळा’ हे आहे. रोलचं प्रमेय पडताळा, केली-हॅमिल्टन पडताळा, डी मॉयव्हर पडताळा. आज्ञा छापून दिलेली, उत्तर व्याख्यानात सांगून झालेलं, विद्यार्थ्यानं फक्त टंकलेखन करायचं. उत्तर आधीच माहीत असेल तर त्याला प्रयोग कशाला म्हणायचं?

प्रयोग कसा दिसतो ते सांगते. पहिल्याच महिन्यात मी वर्गाला एक साधी कृती देते. एक संख्या घ्या. २ ला तिनं भागा. भागाकार आणि मूळ संख्या यांची सरासरी काढा. जे येईल त्यावर पुन्हा तेच करा. १ पासून सुरुवात. इथे साधं गणनयंत्र उपयोगाचं नाही, कारण ते १.४१६६६ असं काहीतरी दाखवून मोकळं होतं. मॅक्सिमा, सेज किंवा सिमपाय ही संगणकीय बीजगणिताची सॉफ्टवेअर मात्र अपूर्णांकाला अपूर्णांकच ठेवतात. त्यामुळे पडद्यावर एकाखाली एक येतं : १, ३/२, १७/१२, ५७७/४०८, ६६५८५७/४७०८३२. मी विचारते, ‘काय दिसतं?’ या प्रश्नाला ठरलेलं उत्तर नाही, हे पोरांना पटायलाच दहा मिनिटं जातात.

बहुतेक जण लिहितात, ‘√२ कडे जातंय.’ बरोबर आहे. काही जण बरोबर आलेले अंक मोजतात आणि दर पावलाला ते साधारण दुप्पट होतात असं सांगतात. तेही उत्तम. ही कृती म्हणजे समीकरणं सोडवायची न्यूटनची पद्धतच, आणि तिची ती खूण आहे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं तिसरंच काही केलं. तिनं अंशाचा वर्ग काढला आणि शेजारी छेदाच्या वर्गाची दुप्पट मांडली. ९ आणि ८. २८९ आणि २८८. ३३२९२९ आणि ३३२९२८. ‘बाई, दर वेळी एकाचाच फरक पडतोय.’ पुढच्या अपूर्णांकाला काय होईल? तिनं आधी वहीत ‘१’ लिहिला, मग यंत्राला विचारलं. ४४३३६५५४४४४९ आणि ४४३३६५५४४४४८. अख्खा वर्ग तिच्या पडद्याभोवती गोळा झाला.

आता ‘का’ हा प्रश्न मला विचारावा लागला नाही. कागद पुढे ओढले गेले. नवा अंश म्हणजे जुन्या अंशाचा वर्ग अधिक छेदाच्या वर्गाची दुप्पट. नवा छेद म्हणजे दोघांच्या गुणाकाराची दुप्पट. यांचा तसाच फरक काढला तर तो जुन्या फरकाचा वर्ग निघतो. सुरुवातीला १/१ ला फरक −१, त्याचा वर्ग १, मग १ चा वर्ग १ च, त्यातून सुटका नाही. दोन ओळींची सिद्धता, आणि ती फळ्यावर मी लिहिली नव्हती. मग कुणीतरी म्हणालं की फरक शून्य का येत नाही? कारण शून्य आला तर √२ अपूर्णांकात मावली. ती मावत नाही, म्हणून १ हा शक्य तेवढा कमीत कमी फरक. अपरिमेयतेची सिद्धता त्यांनी शाळेत घोकली होती. ती कशासाठी लागते ते त्या दिवशी कळलं.

इथवर आल्यावर मी सांगून टाकलं की ५७७/४०८ ही √२ ची किंमत शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदींच्या मोजमापांवरच्या प्राचीन ग्रंथांत आहे, आणि त्यांनी आत्ता जे सूत्र वापरलं ते ब्रह्मगुप्तानं ६२८ साली ‘भावना’ म्हणून मांडलेल्या नियमाचाच एक प्रकार आहे. आधी सांगितलं असतं तर ते इतिहासाचं टिपण झालं असतं. नंतर सांगितलं म्हणून ओळखीचा माणूस भेटल्यासारखं वाटलं.

गोष्ट तिथेच संपली नाही, आणि मला खरी आवडते ती पुढचीच. एका मुलानं २ च्या जागी ५ घातले. १, ३, ७/३, ४७/२१. वर्ग काढले : ९ आणि ५, ४९ आणि ४५, २२०९ आणि २२०५. फरक १ नव्हे, ४! दर वेळी ४. सिद्धता तर सांगत होती की फरकाचा वर्ग होत जातो, मग ४ चे १६ का होत नाहीत? सिद्धता चुकली का यंत्र चुकलं? दोन्ही बरोबर होते. यंत्र न सांगता अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देत होतं. अंश-छेद दोनानं भागले की फरक चारानं भागला जातो. हे त्याला शोधायला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी तासाला तो तोंडभर हसत आला होता. सुरुवात १ ऐवजी २ पासून केली तर फरक १ येतो हेही त्यानंच शोधलं. या दोन दिवसांना कोणत्या रकान्यात गुण द्यायचे? आपल्या आराखड्यात तो रकाना नाही.

उलट बाजूचंही एक उदाहरण देते, कारण यंत्राच्या मदतीनं मुलं खोटा आत्मविश्वासही झटकन कमावतात. क्ष^न − १ चे अवयव पाडायला सांगा. न = २ ला दोन अवयव, ४ ला तीन, ६ ला चार. अवयवांची संख्या म्हणजे न च्या विभाजकांची संख्या, हे हुशार मुलं पाचव्या मिनिटाला सांगतात आणि ते खरं आहे. मग कुणाचं तरी लक्ष जातं की अवयवांतले सगळे सहगुणक ०, १ किंवा −१ च आहेत. दहापर्यंत तपासा, वीसपर्यंत तपासा, पन्नासपर्यंत तपासा. मी विचारते, ‘मग हे प्रमेय समजायचं का?’ ‘पन्नास तपासले की!’ ‘अजून हवेत?’ कुणीतरी लूप लिहून शंभरपर्यंत जातं. शंभरही व्यवस्थित. वर्ग निर्धास्त. मग मी घरी १०५ करून आणायला सांगते.

१०५ ला आठ अवयव पडतात. त्यांतला सर्वांत मोठा ४८ घाताचा आहे, आणि त्यात क्ष^७ आणि क्ष^४१ यांच्यापुढे −२ बसलेला आहे. एकशे चार वेळा खरा ठरलेला नियम एकशे पाचाव्या वेळी मोडतो. का? १०५ म्हणजे ३ × ५ × ७, तीन वेगवेगळ्या विषम मूळ संख्यांचा सर्वांत लहान गुणाकार, आणि गोम नेमकी तिथेच आहे. पुढे जात राहिलं तर कितीही मोठे सहगुणक सापडतात हे सिद्ध झालेलं आहे. पहिल्या वर्षाला त्याची सिद्धता झेपणार नाही, झेपायची गरजही नाही. पण ‘सिद्धता कशाला हवी, दिसतंय की’ असं त्यानंतर त्या वर्गात कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. मी वर्षानुवर्षं फळ्यासमोर सिद्धतेचं महत्त्व सांगत आले. त्या सगळ्या भाषणांपेक्षा एका −२ नं जास्त काम केलं.

आणि यंत्र नुसतं उत्तर देत नाही, कधीकधी ते उलट विचारतं. क्ष^न चं इंटिग्रल. सूत्र सगळ्यांना तोंडपाठ : घात एकानं वाढवा, वाढलेल्या घातानं भागा. मॅक्सिमाला हे इंटिग्रल मागितलं की ते उत्तर द्यायचं थांबतं आणि विचारतं : न हा −१ आहे का? पहिल्यांदा हे झालं की मुलं गोंधळून माझ्याकडे बघतात, जणू यंत्र बिघडलं. ‘हो’ म्हटलं तर लॉग मिळतो, ‘नाही’ म्हटलं तर ओळखीचं सूत्र. पुस्तकात सूत्राशेजारी बारीक टायपात ‘न ≠ −१’ छापलेलं असतं. ते कुणी वाचत नाही. इथे ते वाचल्याशिवाय पुढेच जाता येत नाही. सिमपाय विचारत बसत नाही, ते दोन्ही शक्यता एकाखाली एक मांडून देतं. मग १/क्ष चं इंटिग्रल विचारा. दोघंही नुसता लॉग क्ष देतात. पुस्तकात मात्र क्ष च्या केवल मूल्याचा लॉग असतो. कुणाचं खरं? √(क्ष^२) विचारा. मॅक्सिमा केवल मूल्य सांगतं, सिमपाय ते जसंच्या तसं परत करतं आणि क्ष वास्तव संख्या आहे असं सांगितल्यावरच केवल मूल्यावर येतं. एक तास फक्त ‘क्ष म्हणजे नक्की कोण?’ या प्रश्नावर जातो. तो वाया गेला असं मला तरी एकदाही वाटलेलं नाही.

अगदी किरकोळ कटकटींतूनही काही हाती लागतं. मॅक्सिमात अक्षराला किंमत द्यायची तर कोलन वापरावा लागतो. मुलं ‘अ = ५’ लिहितात, मग अ ची किंमत विचारतात, आणि यंत्र निर्विकारपणे ‘अ’ सांगतं. कारण त्याच्या लेखी ते एक समीकरण होतं, आज्ञा नव्हे. शाळेत बारा वर्षं आपण या दोन्ही गोष्टींना एकच चिन्ह वापरलं, आणि फरक कुणी सांगितला नाही.

जिथे यंत्र हात टेकतं तिथेही त्याला मुद्दाम न्यावं. १ + १/२ + १/३ + १/४ अशी बेरीज करत चला. १० ओलांडायला १२३६७ पदं लागतात, ती क्षणात होतात. मुलांना वाटतं, आता २०, मग ५०, मग १००. पण १०० ओलांडायला जितकी पदं लागतात ती संख्याच ४४ अंकी आहे. कोणताही संगणक एकेक पद मिळवत तिथवर पोचणार नाही. आकडे बघून कुणीही शपथेवर सांगेल की ही बेरीज कुठेतरी थांबणार. ती थांबत नाही, हे चौदाव्या शतकात निकोल ओरेम यांनी पदांचे गट पाडून चार ओळींत दाखवलं. यंत्रासमोर तासभर बसून कंटाळलेल्या मुलांना त्या चार ओळी वाचायला द्या आणि त्यांचे चेहरे बघा.

आता आपल्यापैकी अनेकांच्या मनात जे आहे त्याकडे वळते. हातानं करायची सवय जाईल, ही भीती खरी आहे. मी स्वतः तिची किंमत मोजली आहे. एका वर्षी उत्साहात मी पहिल्या दिवसापासून सॉफ्टवेअर हाती दिलं. दिवाळं निघालं. (क्ष + १)^२ चा विस्तारही मुलं टाइप करून बघायला लागली. त्याहून वाईट म्हणजे अवयवांची लांबच लांब यादी समोर आली तरी तिच्यात काय बघायचं हे डोळ्यांना कळेना. ज्यानं कधी हातानं अवयव पाडलेच नाहीत त्याला त्यातला आकार दिसत नाही. तेव्हापासून पहिले काही आठवडे माझ्या वर्गात यंत्र बंद असतं. क्ष^६ − १ कागदावर, क्ष^१२ − १ ही कागदावर, मग पुढचं यंत्राकडे. हात आणि यंत्र यांच्यात भांडण लावून देण्यात काही हशील नाही. मी फक्त क्रम सांभाळते.

मात्र ‘परीक्षेत पाच इंटिग्रलं सोडवा’ हाच गणित येण्याचा पुरावा मानायचा असेल, तर एक आठवण करून द्यायला हवी. पहिल्या वर्षाच्या कलनाच्या परीक्षेतली इंटिग्रलं सोडवणारा प्रोग्रॅम जेम्स स्लेगल यांनी एमआयटीत आपल्या प्रबंधासाठी लिहिला तो १९६१ साली. ते काम यंत्राला जमतं ही बातमी जुनी झाली. नवीन प्रश्न असा विचारता येईल : ई^(−क्ष^२) चं इंटिग्रल मागितलं तर उत्तरात एक अनोळखी नाव येतं, ते का? त्यातून मूल लिऊव्हिल यांच्या कामापर्यंत पोचतं, म्हणजे काही इंटिग्रलांना ओळखीच्या फंक्शनांतलं उत्तर असूच शकत नाही हे सिद्ध करता येतं, या आश्चर्यापर्यंत. ‘येत नाही’ आणि ‘असूच शकत नाही’ यांतलं अंतर ज्याला कळलं, त्याचं पहिलं वर्ष सार्थकी लागलं असं मी समजेन.

पैशाची सबब तर मुळीच टिकत नाही. मॅक्सिमाचा पूर्वज म्हणजे १९६८ साली एमआयटीत सुरू झालेली मॅकसिमा ही प्रणाली. विल्यम शेल्टर यांनी तिची एक आवृत्ती वर्षानुवर्षं एकट्यानं सांभाळली आणि १९९८ साली ती मुक्त परवान्याखाली खुली करायची परवानगी मिळवली. तीच आजची मॅक्सिमा. जुनाट संगणकावरही चालते. सेज २००५ पासून मोफत आहे, सिमपायही मोफत आहे. अडचण आहे ती वेळेची आणि माणसांची. चाळीस मुलं, एक शिक्षक आणि दोन तास, यांत ‘काय दिसतं?’ हा प्रश्न विचारणं म्हणजे चाळीस वेगवेगळी उत्तरं ऐकून घेणं. त्यासाठी प्रात्यक्षिकांची संख्या कमी करावी लागेल. वीस ‘पडताळा’ काढून सहा प्रयोग ठेवा. अभ्यासक्रम कमी झाल्याची तक्रार येईल; ती अंगावर घ्यायची तयारी आपण दाखवावी एवढंच मागणं आहे.

आणखी मागायचं तर थोडंच आहे. प्रात्यक्षिकाच्या कागदावर अपेक्षित उत्तर छापू नका. एंटर दाबण्याआधी विद्यार्थ्यानं आपला अंदाज पेननं लिहावा, आणि तो चुकला तर खोडू नये, खाली लिहावं की का चुकला. गुण त्या खालच्या ओळीला द्या. शिक्षकालाही उत्तर माहीत नसलेला किमान एक प्रश्न वर्षात असू द्या. मला तो √५ चा ४ माहीत नव्हता, आणि त्यानं माझं काही बिघडलं नाही. लेखी परीक्षेत संगणक नको असेल तर नको, पण तीन आउटपुट छापून ‘यांतलं एक फसवं आहे, कोणतं आणि का?’ असा प्रश्न कागदावरही विचारता येतो. माझ्या वहीतला तो तक्ता त्यासाठी आयता आहे. ५० अंकांची अचूकता मागून तोच तक्ता परत केला तर १०^१५ ला २.७१८२८१८२८४५९०४३ येतं, ई च्या चौदा दशांश स्थळांपर्यंत तंतोतंत. दोन्ही तक्ते शेजारी छापा आणि मुलांना बोलू द्या.

प्रयोग करणं हे गणिताला कमीपणा आणणारं नाही, हे गणिताच्या शिक्षकांना सांगावं लागू नये. गाऊसनं ३० मे १७९९ रोजी आपल्या रोजनिशीत नोंद केली की दोन अगदी वेगळ्या वाटांनी काढलेल्या संख्या अकरा दशांश स्थळांपर्यंत जुळल्या, आणि हे सिद्ध झालं तर विश्लेषणाचं एक नवं क्षेत्रच उघडेल. आधी आकडे जुळले, सिद्धता मागून आली. त्याच्याकडे यंत्र नव्हतं, ते आकडे त्यानं हातानं काढले होते.

आपल्या पुढच्या बैठकीत प्रात्यक्षिकांची यादी समोर येईल तेव्हा एकच करून बघा. प्रत्येक प्रात्यक्षिकासमोर लिहा : हे करताना विद्यार्थी चुकू शकतो का? आज्ञा टाइप करताना नव्हे, विचार करताना. ज्यांच्यासमोर ‘नाही’ येईल ती वगळायची का, हे मग ठरवता येईल.

कळावे, लोभ असावा,

पहिल्या वर्षाला गणित शिकवणारी एक शिक्षिका

ता.क. : क्ष^न − १ च्या अवयवांत −२ पहिल्यांदा कुठे येतो ते वर सांगून टाकलं, त्याबद्दल क्षमा. पहिला ३ किंवा −३ कुठे येतो ते मात्र इथे लिहीत नाही. १०५ कसा तयार झाला ते आठवून आधी अंदाज लिहा, मग लूप चालवा. माझा पहिला अंदाज चुकला होता आणि तो वहीत तसाच आहे.